नाइल ते युकॉन: रॉटरडॅमच्या नॉर्थ सी जॅझला मामाबरोबर

गुरुवार

नॉर्थ सी जॅझ हा नेदरलँड्समधला जॅझ फेस्टिवल दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या वीकेंडला असतो, शुक्रवार ते रविवार, आणि आम्ही मुद्दाम गुरुवारी सकाळीच पोचलो कारण मामाला विमानप्रवासानंतर एक रात्र नीट झोप हवी होती आणि मला रॉटरडॅम शहर बघायचं होतं. मामेबहीण डेल्फ्टला नोकरी करते, त्यामुळे राहायचा प्रश्न सुटला. तुम्ही जाणार असाल तर सांगते, त्या वीकेंडला रॉटरडॅममधली हॉटेलं जाम महाग होतात, डेल्फ्टहून रॉटरडॅम सेंट्रल ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आत येतं, त्यामुळे तिकडे राहिलेलं कधीही बरं.

मामाबद्दल आधी सांगते. मामा दादरचा, पहिल्यापासून जॅझवाला. 1978 साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, जॅझचा फेस्टिवल, निरंजन झवेरींनी भरवलेली, धोबी तलावच्या रंगभवनात, तेव्हा मामा कॉलेजात होता आणि सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स त्याने तिथे समोर बसून ऐकलाय. आमच्या घरात बाकी सगळे सवाईवाले. मी पण सवाईचीच, डिसेंबर आला की शाल घेऊन निघायचं, त्यामुळे माझा कान आधी तानपुऱ्याचा आणि मग बाकी सगळ्याचा. पण लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलं की सकाळी चहाबरोबर सॅक्सोफोन असायचाच. मामेबहिणीने फोनवर बाबा यावर्षी याच म्हटलं आणि मामाने लगेच मला फोन केला, तू येतेस का? मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

संध्याकाळी रॉटरडॅमला गेलो. फेस्टिवलच्या आधीचे काही आठवडे शहरभर नॉर्थ सी राउंड टाउन नावाचा प्रकार चालतो, कॅफे, म्युझियम, बागा, चौक, जिथे जागा असेल तिथे कार्यक्रम, बरेचसे फुकट. आम्ही एका कॅफेच्या बाहेर बसलो, चौघांचा बँड, गिटार, डबल बास, ट्रम्पेट, ड्रम्स, सगळे विशी-पंचविशीतले. तिसऱ्या ट्यूनमध्ये ड्रमरने सोलो घेतला आणि शेवटी एक तुकडा तीनदा वाजवून बरोब्बर पहिल्या मात्रेवर येऊन पडला. मामा आणि मी एकदमच एकमेकांकडे बघितलं. तिहाई! ब्रेकमध्ये मी जाऊन विचारलं तर तो म्हणाला हो, तबला शिकलोय थोडा, इथेच. रॉटरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीताच्या कॉलेजात), म्हणजे आताच्या कोडार्ट्समध्ये, हिंदुस्थानी संगीताचा रीतसर विभाग आहे आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया अनेक वर्षं त्याचे प्रमुख होते. हे मी वाचलेलं होतं पण असं डच पोराच्या हातातून ऐकणं म्हणजे काही वेगळंच.

शुक्रवार

रॉटरडॅम सेंट्रलहून डी किंवा ई लाईनची मेट्रो घ्यायची, झाउडप्लाइनला उतरायचं. मेट्रो आधी जमिनीखालून, मग मास नदीच्या खालून जाते आणि पलीकडे राइनहाफनच्या आधी वर उजेडात येते, एका बाजूला बंदराचं पाणी, उंच बिल्डिंगी. डब्यात सगळ्या वयाची माणसं, पांढऱ्या केसांच्या आज्या सुंदर कपडे घालून, कॉलेजची पोरं, एक अख्खं सुरिनामी कुटुंब, सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. झाउडप्लाइनपासून चालत अहॉय.

अहॉय म्हणजे मोठाल्या हॉल्सचं संकुल, 2021 ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा झाली ते हेच. नाव 1950 च्या एका प्रदर्शनावरून आलंय, युद्धात उद्ध्वस्त झालेलं बंदर पुन्हा उभं राहिलं तेव्हा ते प्रदर्शन भरवलं होतं. फेस्टिवल इथे 2006 पासून आहे, त्याआधी तीस वर्षं डेन हाखला, म्हणजे हेगला व्हायचा. सुरू केला पॉल आकेट नावाच्या माणसाने, 1976 मध्ये. हा आकेट पॉप संगीताची मासिकं काढायचा, त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था विकली आणि ते पैसे जॅझमध्ये घातले. पहिल्याच वर्षी सहा जागी तीनशे कलाकार, त्यात सारा वॉन, काउंट बेसी, डिझी गिलेस्पी, स्टॅन गेट्झ. नऊ हजारांवर लोक आले होते. आता रोज साधारण 25,000 येतात आणि तीन दिवसांत हजारावर संगीतकार वाजवून जातात. मासिकं विकून आलेला पैसा घरात ठेवून आरामात जगता आलं असतं त्याला, मला हा माणूस फार आवडला. 1992 मध्ये तो गेला, त्याच्या नावाने आता इथे एक पुरस्कार देतात, ज्यांना अजून हवी तेवढी ओळख मिळाली नाही अशा वादकांना.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास नुसतं भांबावायला होतं. स्टेजेसना नद्यांची नावं आहेत. मास सर्वात मोठं, स्टेडियमसारखं, मग नाइल, अमेझॉन, हडसन, डार्लिंग, मडेरा, काँगो, युकॉन, मिसिसिपी वगैरे वगैरे. डझनाच्या वर स्टेज आणि सगळ्यांवर एकाच वेळी चालू, दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत. सवाईत कसं असतं, एक मंडप, एक स्वरमंच, सगळे हजारो लोक एकच गोष्ट ऐकतात, दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्याला त्याला काल मारवा काय लागला होता असं म्हणता येतं. इथे बाजूला उभ्या माणसाने दिवसभरात वेगळाच फेस्टिवल ऐकलेला असतो. लोकांच्या हातात चौकटी-चौकटींचं वेळापत्रक, ब्लोक्कनस्खेमा म्हणतात त्याला, पेनाने गोल केलेलं, कोणी फोनवर, आणि सगळे चालतायत. सात ते सव्वासात इथे, मग वीस मिनिटं तिथे, मग पळत मासला.

आम्ही आधी नाइलला गेलो कारण तिथे एक फार मोठं नाव होतं, सोल म्युझिक गाणारी बाई, तिकडे सगळे उभे, हॉल खचाखच. आवाज बाईंचा अफाट होता. पण आमच्या आजूबाजूला लोक बोलत होते, म्हणजे कुजबुजत नाही, व्यवस्थित गप्पा, ऑफिस, सुट्टी, कोणाचं लग्न. हातात बिअर, पाठ स्टेजकडे. मामेबहीण म्हणाली हे इथे नेहमीचंच, डच लोकांची स्वतःची पण याबद्दल तक्रार असते. मला खरंच राग आला. ती बाई हळू सुरात एक बॅलड गात होती आणि तिच्यापेक्षा मागच्या माणसाचं हसणं मोठं. शंभर युरोच्या वर तिकीट एका दिवसाचं, आणि तेवढे पैसे भरून पाठ करून उभं राहायचं, मला हे कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

मामा म्हणाला चल, छोट्या नदीवर जाऊ.

तर छोट्या नदीवर, युकॉनला, एक पियानो ट्रिओ होता, पियानो, बास आणि ड्रम्स. आम्हाला तिघांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं. खोली लहान, पुढे बसायला जागा मिळाली, अंधार, आणि एक माणूस बोलत नव्हता. पियानोवाल्या बाईने आधी एकटीने सुरुवात केली, जवळजवळ पाच मिनिटं, लय नाहीच, एकेक स्वर ठेवत, मग बास आत आला आणि मग ड्रम्सवर ब्रशेस. मामाने माझ्या कानाशी येऊन सांगितलं की आता बत्तीस बार मोज, बार म्हणजे चार मात्रा, आठ-आठचे चार तुकडे, तिसरा वेगळा असतो, तो पूल, मग पुन्हा घरी. मी बोटांवर मोजायला लागले जसं आपण तीनताल धरतो तसं, आणि दोन फेऱ्या झाल्यावर कळलं की ती बाई आवर्तनाच्या शेवटाकडे मुद्दाम उशीर करतेय, सम येते येते येते आणि ती अर्धी मात्रा मागे राहून मग पोचते आणि बासवाला तोपर्यंत तिथे उभाच असतो तिची वाट बघत. नंतर ड्रमरबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण, सवालजवाबच की. लोक सोलो संपला की टाळ्या वाजवतात, मध्येच, आणि मला आधी वाटायचं हा व्यत्यय आहे पण आपण वाहवा म्हणतो तेच आहे ते, दाद तिथल्या तिथे द्यायची, घरी नेऊन नाही.

पूर्ण सेट ऐकला. बाहेर आलो हवा खायला तर साडेनऊ वाजून गेले होते आणि लख्ख ऊन. आत बसल्यावर दिवस-रात्र कळतच नाही.

शनिवार

सकाळी लवकर निघून शहरात. 14 मे 1940 ला जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग जाळून टाकला, म्हणून ॲमस्टरडॅमसारखी जुनी घरं इथे शोधून सापडत नाहीत, लॉरेन्स चर्च तेवढं आहे तेही पडझडीतून पुन्हा बांधलेलं. लोइवेहाफनजवळ झाडकिनचा पुतळा बघितला, छातीच्या जागी पोकळी असलेला माणूस, हात वर केलेला. बाकी क्यूब हाउस, मार्केट हॉल वगैरे फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यावर वेळ घालवत नाही.

जेवायला मामेबहिणीने वेस्ट-क्राउसकाडला नेलं. सुरिनामी आणि चिनी दुकानांचा रस्ता आहे. तिथे रोटी खाल्ली, म्हणजे मोठी पातळ मऊ पोळी, आत डाळीचं पीठ भरलेलं, बरोबर मसाला चिकन, बटाटा, उकडलेलं अंडं आणि लांब शेंगांची भाजी, आपली चवळीच असते ती. दुकानातल्या काकू भोजपुरी वळणाचं हिंदी बोलत होत्या. 1873 मध्ये लल्ला रूख नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरिनामला पोचलं, तिथून ही सगळी मंडळी, आणि सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमाराला त्यातली पुष्कळ नेदरलँड्सला आली. काकूंनी मामाला जास्तीचा बारा दिला, वडाच तो, आणि मामाने पण नाही म्हटलं नाही.

तिथे बसून मामाने जे सांगितलं ते मला या ट्रिपमध्ये सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हॉलंडमध्ये जॅझ रुजवायला सुरिनामच्या वादकांचा मोठा हात होता, 1930 च्या दशकात इथे वाजवणारा, सुरिनामच्या राजधानीचा, पारामारिबोचा किड डायनामाइट नावाचा टेनर सॅक्सवाला, टेडी कॉटन नावाचा ट्रम्पेटवाला. त्याच दशकात सॅक्सवाला कोलमन हॉकिन्स अमेरिका सोडून युरोपात राहत होता आणि 1935 मध्ये त्याने रॅम्बलर्स या डच बँडबरोबर रेकॉर्डिंग केलं. आणि अगदी त्याच वेळी इकडे मुंबईत काय चाललं होतं? ताजमध्ये अमेरिकन लिऑन ॲबीचा बँड आला, मग पियानोवाला टेडी वेदरफर्ड, आणि त्यांच्याबरोबर वाजवायला बसले आपले गोव्याचे लोक, पोर्तुगीज पॅरिश स्कूलमध्ये चर्चसाठी व्हायोलिन, ट्रम्पेट आणि नोटेशन शिकलेले. चिक चोकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, नंतर हेच सगळे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले आणि आपण लहानपणापासून जी गाणी गुणगुणतो त्यातले ट्रम्पेट त्यांचे. मामा म्हणाला, एक साम्राज्य पारामारिबोला, एक गोव्यात, दोन्हीकडच्या पोरांना वाद्यं मिळाली ती मालकांच्या कामासाठी, आणि दोघांनीही त्यावर वाजवलं काय तर न्यू ऑर्लिन्स, जॅझचं जन्मगाव. हे ऐकून जॅझ म्हणजे अमेरिकेहून युरोपला गेलेली गोष्ट असं जे माझ्या डोक्यात होतं ते गेलं. बंदरांचं संगीत आहे हे. मुंबई, रॉटरडॅम, पारामारिबो, पणजी.

त्या दिवशी अहॉयमध्ये मेट्रोपोल ऑर्केस्ट ऐकला. 1945 पासूनचा डच ऑर्केस्ट्रा, पूर्ण बिग बँड, म्हणजे सॅक्स, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, आणि वर पूर्ण व्हायोलिनचा ताफा, असा कायमस्वरूपी जगात दुर्मीळच. व्हायोलिनवाले एकत्र स्विंग करतात तेव्हा जमिनीतून काहीतरी वर येतंय असं वाटतं. मोठ्या हॉलमध्ये असूनही लोक गप्प होते, म्हणजे गप्प बसता येतं यांना.

रात्री एका हॉलच्या दारात हॉल फुल्ल अशी पाटी, एक बाहेर आला की एक आत. चाळीस मिनिटं उभे राहिलो. मामाच्या गुडघ्याची मला काळजी, पण तो हलायला तयार नाही कारण आत टेनर सॅक्सचा एक म्हातारा वाजवत होता आणि दाराच्या फटीतून आवाज येत होता. शेवटी तीन डच बायका बाहेर आल्या, मामाच्या वयाकडे बघून दारावरच्या मुलाने आम्हा तिघांना एकदम सोडलं. शेवटच्या दोन ट्यून मिळाल्या. दुसरी होती कॅलिप्सो या कॅरिबियन ठेक्याची, आणि मामा, माझा शिस्तीचा मामा, उभं राहून टाळ्या धरायला लागला, आणि बाजूचे लोकही उठले. नंतर परत जाताना मेट्रोत म्हणाला, रंगभवनात पण शेवटी कॅलिप्सोच वाजवला होता रोलिन्सने, आम्ही खुर्च्यांवर उभे होतो. रंगभवन आता बंदच आहे कार्यक्रमांना, सायलेन्स झोनमुळे. मुंबईत आता उघड्या आकाशाखाली तशी जागा उरलीच नाही म्हणून तो गप्प झाला.

रविवार

पाय गेले होते सगळ्यांचे. काँक्रीटच्या जमिनीवर दोन दिवस चालणं सोपं नाही, चांगले बूट घाला, आणि कानात घालायचे बोळे घ्याच, मोठ्या हॉलमध्ये बासचा दणका छातीत बसतो.

आज आम्ही ठरवलं की दिवसभरात फक्त चार सेट ऐकायचे पण पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत. मला वाटतं या फेस्टिवलला जायची हीच पद्धत आहे. वीस मिनिटांत एक नदी, वीस मिनिटांत दुसरी असं करणारे हजारो लोक दिसतात आणि त्यांच्या फोनमध्ये सगळ्या मोठ्या नावांचे व्हिडिओ असतात, पण जॅझमध्ये पहिली वीस मिनिटं तर वादक खोलीचा अंदाज घेत असतो, ड्रमर हॉलचा आवाज तपासतो, पियानोवाला पियानोशी ओळख करून घेतो. जे व्हायचं ते त्यानंतर होतं. ख्यालात बडा ख्याल विलंबित चालू असताना उठून जाणाऱ्याला जे मिळतं तेवढंच यांना मिळतं. मेमरी कार्ड भरतं, दुसरं काही नाही.

चारपैकी दोन साधारण होते. एक गिटारवाला इतका तयारीचा की सगळं आधीच ठरवून आणल्यासारखं, हात भन्नाट पण एकदाही धोका पत्करला नाही. एक इलेक्ट्रॉनिक प्रकार होता, तरुणाई खूश, मला कळला नाही, मामेबहिणीला आवडला. तिसरा मात्र, डार्लिंगमध्ये, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), बास क्लॅरिनेट आणि ड्रम्स, पियानो नाहीच. त्यात एका जागी बास क्लॅरिनेटवाल्याची रीड, तोंडाशी असते ती पातळ पट्टी, अडकली की काय झालं माहीत नाही, नको तो किंचाळल्यासारखा सूर निघाला, आणि व्हायब्राफोनवाल्याने क्षणात तोच सूर उचलून वाजवला, मग पुन्हा, मग ड्रमरने त्याला लय दिली, आणि पुढची दहा मिनिटं त्या चुकलेल्या सुरावर एक अख्खी इमारत उभी राहिली. आम्ही श्वास धरून होतो. असं काही तिकीट काढून ठरवून मिळत नाही, तुम्ही तिथे बसलेले असावे लागता.

चौथा सेट मासला, एकदम शेवटचा, फंक, दहा हजार माणसं नाचतायत. आम्ही वर गॅलरीत. मामाने खुर्चीत बसूनच खांदे हलवले. या शेवटच्या सेटला गप्पा मारणारेही नाचत होते, तेव्हा त्यांना माफ करून टाकलं मी.

बाहेर पडायला वेळ लागला पण धक्काबुक्की शून्य. मेट्रोला लाईन, गाड्या पाठोपाठ येत होत्या, डब्यात कोणीतरी ट्यून गुणगुणायला लागलं की चारजण धरायचे.

सोमवार

मामाची इच्छा होती डेन हाखला जुनी जागा बघायची. काँग्रेस बिल्डिंग आहे अजून, आता वर्ल्ड फोरम नाव आहे. तिथला स्टाटनहाल नावाचा हॉल पाडायचं ठरलं म्हणून फेस्टिवलला हलावं लागलं, आणि त्या जागी आता युरोपोलचं, युरोपच्या पोलिस संस्थेचं ऑफिस, कुंपण, कॅमेरे. 1980 ला पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर जो पास, माउथ ऑर्गनवर टूट्स थीलमन्स आणि बासवर नील्स-हेनिंग पेडरसन असे चौघे डेन हाखच्या याच फेस्टिवलला वाजवून गेले, त्याची प्लेट, म्हणजे रेकॉर्ड, निघाली आणि ती मामाकडे दादरला आहे, माउथ ऑर्गनने असं काही करता येतं हे मला त्या प्लेटमुळे कळलं. मामा फुटपाथवर उभा राहून त्या चौघांबद्दल बोलत राहिला आणि सुरक्षारक्षक आमच्याकडे बघत राहिला, मग मामेबहिणीने त्याला डचमध्ये काय चाललंय ते सांगितलं. तो म्हणाला माझे वडील यायचे इथे, दरवर्षी, आईला घेऊन.

तिथून ट्रामने स्खेवेनिंगनला गेलो, समुद्रावर, म्हणजे त्याच नॉर्थ सीवर, ज्याचं नाव फेस्टिवलने रॉटरडॅमला जातानाही सोडलं नाही. वारा जोरात, मामाने टोपी धरून हेरिंग मासा खाल्ला कांदा घालून, मी नाही खाल्ला. परतीच्या ट्राममध्ये मामेबहीण आणि मामा पुढच्या वर्षीचं बोलायला लागले, त्यावेळी मामीला पण आणायचं, रविवारचं एकच तिकीट काढायचं तिचं कारण तिला तीन दिवस झेपणार नाही, आणि त्याआधी राउंड टाउनचा एक आठवडा जास्त ठेवायचा म्हणजे त्या तिहाईवाल्या ड्रमरला पुन्हा गाठता येईल. मी रजेचा हिशोब आत्ताच मांडून ठेवलाय.